गयाचं कडवं

हल्ली मला सभांना बोलावतात ते लोकगीतांचा अभ्यासक म्हणून. शाल देतात, नारळ देतात, आणि सूत्रसंचालन करणारी मुलगी माझं नाव घेण्याआधी हमखास त्या गाण्याच्या दोन ओळी गुणगुणते. लोक टाळ्या वाजवतात, मी हात जोडतो. एकदाही उठून सांगितलेलं नाही की बाई, हे गाणं चोरीचं आहे आणि चोर तुमच्या समोर खुर्चीवर बसलाय. या आठवणींच्या पुस्तकाची बाकीची प्रकरणं मी पटापट लिहिली. शाळा लिहिली, बाबांचं आजारपण लिहिलं, मॅट्रिकला गणितात कसा नापास होता होता वाचलो तेही खुसखुशीत करून लिहिलं. हे तेवढं टाळत राहिलो. बायको म्हणाली, नका लिहू, आता कोण विचारतंय? तेच तर. कोणी विचारत नाही याच आधारावर माझी चाळीस वर्षं सुखात गेली.

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आमच्या पिंपळगाव राजाच्या घरात माणसांपेक्षा कापूस जास्त असायचा. भाव चढेल या आशेवर दादा विक्री लांबवत राहायचा, आणि समोरची खोली भुईपासून आढ्यापर्यंत भरत जायची. ढिगाच्या कडेनं अंग चोरून स्वयंपाकघरात जावं लागे. भाकरीत कापसाचा धागा, पाण्याच्या गडव्यात धागा, मायच्या केसांत तर इतका की ती दहा वर्षांनी म्हातारी दिसायची. सगळ्यांना सारख्या शिंका. पाहुणे आले तर त्यांना त्या ढिगाला टेकूनच बसवायचं, आणि उठताना त्यांच्या पाठीला चिकटलेला कापूस वहिनी हसत हसत झटकून द्यायची. त्याच दिवसांत तुरीच्या शेंगा यायच्या. मीठ टाकून उकडलेल्या शेंगांचं टोपलं मधे ठेवायचं आणि सगळ्यांनी भोवती बसून सोलत सोलत खायचं. उरलेल्या दाण्यांची संध्याकाळी सोल्याची भाजी, तिच्यासोबत ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा. हॉटेलात आता तीच भाजी 'वऱ्हाडी स्पेशल' म्हणून वाढतात, तिच्यात साखर असते. एकदा मागवली आणि तशीच सोडून उठलो.

बाबा गेल्यावर कारभार दादाकडे आला आणि कारभारासोबत बाबांचा ताठाही आला. दादा माणूस वाईट नव्हता. कष्टाला वाघ होता, मला बुलढाण्याला कॉलेजात ठेवलं ते त्यानंच. पण एकदा मनात अढी बसली की ती ब्रह्मदेवाला निघायची नाही. वहिनीच्या वडलांनी त्याला एक बैलजोडी घेऊन दिली होती, त्यातला एक बैल वर्षभरात खाली बसला तो उठला नाही. दादाचं म्हणणं, सासऱ्यानं जाणून रोगट बैल गळ्यात मारला. सासऱ्याचं म्हणणं, बैल माझ्या दारी धडधाकट होता, तुम्ही पाण्यापावसात ठेवला. झालं. सासऱ्यानं आमच्या दारी यायचं नाही आणि वहिनीनं माहेरी जायचं नाही, असा निकाल दादानं दिला. माहेर खामगावच्या रस्त्यावर, आमच्यापासून चार कोसांवर. आमच्या कापसाच्या गाड्या त्याच गावावरून जायच्या. सहा वर्षं वहिनी त्या गाड्या भरून देत होती आणि स्वतः गावच्या शिवेपुढे गेली नव्हती. माय मधे पडली नाही. मीही पडलो नाही. बैलावरून कुणाचं माहेर तुटतं हे मला तेव्हा अजिबात विचित्र वाटलं नव्हतं, हे आज लिहिताना जास्त विचित्र वाटतं.

वहिनीचा आवाज गोड नव्हता. जाड, थोडा घोगरा, पण शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यापर्यंत जाणारा. कापूस वेचायला दहा-बारा बायका ओळीनं लागल्या की ती पहिली ओळ टाकायची आणि बाकीच्या ती उचलायच्या. पुढच्या ओळीपर्यंत तिला विचार करायला तेवढा वेळ मिळायचा. बोटं चाललेली, कमरेच्या ओटीत कापूस पडतोय, आणि तोंडानं गाणं. घरात मात्र ती गात नसे, दादाला आवडत नसे. मी तिच्याहून नऊ-दहा वर्षांनी लहान. ती लग्न होऊन आली तेव्हा सात वर्षांचा होतो, म्हणजे जवळपास तिच्याच हाताखाली वाढलो. चिडवणं, रुसणं, लपवून ठेवलेला गुळाचा खडा देणं, हे सगळं आमच्यात होतं. ती मला भाऊजी म्हणायची, पण रागावली की सरळ नावानं, भास्कऱ्या.

बुलढाण्याच्या कॉलेजात मला वझे सर भेटले. इंग्रजी शिकवायचे, पुण्याहून आलेले, एकटेच राहायचे. त्यांचा भाऊ अमेरिकेत होता आणि तो त्यांना रेकॉर्डी पाठवायचा. रविवारी सकाळी आम्ही दोघं त्यांच्या खोलीवर जायचो, मी आणि माझ्या वर्गातला सलीम. सलीमचे वडील मलकापूर रस्त्यावर पत्र्याचे डबे आणि कोठ्या बनवायचे. तो लहानपणापासून त्या डब्यांवर ठेका धरत आलेला, त्यामुळे त्याच्यापुढे काहीही ठेवलं तरी ते वाजायचं. सर गिटार वाजवायचे, मी पेटी आणि गळा. खिडकीतून थंड वारा यायचा, खाली एस. टी. वळताना घरघरायची, सर स्टोव्हवर चहा ठेवायचे, आणि तो उकळेपर्यंत एक रेकॉर्ड ऐकवायचे.

एका रविवारी त्यांनी एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्डी लावल्या. पहिली फार जुनी. तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज, आणि त्यामागे एक काळा माणूस, एकटा, गिटारच्या तारेवर काहीतरी घासत गात होता. शब्द मला अर्धेच कळले. आगगाडी निघून जाते आणि त्याला तिच्यात जागा नाही, एवढं कळलं. मग सरांनी दुसरी लावली. तीच ओळ, तीच चाल, पण दुप्पट वेगानं. विजेच्या गिटारी, ड्रम, इंग्लंडमधली लांब केसांची गोरी पोरं. सलीम उठून नाचायलाच लागला. सर म्हणाले, याला ब्लूज म्हणतात आणि याला रॉक. पहिलं त्या लोकांनी केलं जे आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचत होते. एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची. दुसरं त्यांनी केलं ज्यांनी कापसाचं बोंडही पाहिलेलं नव्हतं. मग त्यांनी दुसऱ्या रेकॉर्डचं पाकीट माझ्यापुढे धरलं. गाण्याच्या नावापुढे त्या गोऱ्या पोरांचीच नावं. दुसऱ्या एका पाकिटावर नावाच्या जागी नुसतं 'पारंपरिक'.

सर त्या दिवशी खरोखर संतापले होते. ते न्यायानं बोलायचे, सगळ्यांना एका माळेत ओवायचे नाहीत. म्हणाले, यातल्या काहींनी मोठ्या मनानं नावं घेतली, काहींनी त्या म्हाताऱ्यांना खेड्यापाड्यांतून शोधून स्टेजवर आणून बसवलं, लोक उभे राहिले त्यांच्यासाठी. पण बहुतेकांनी काय केलं? आणि मग ते वाक्य, जे मी पुढे माझ्या प्रत्येक व्याख्यानात वापरलं आणि कधी कधी स्वतःचं म्हणूनही खपवलं: "पारंपरिक म्हणजे ज्याचं नाव विचारायचा आपण कंटाळा केला तो माणूस." मी वीस वर्षांचा होतो. मला वाटलं, याहून खरं कोणी काही बोललेलं नाही. मग सरांनी विचारलं, तू कापसाच्या घरातला ना रे, तुमच्याकडे नाहीत अशी गाणी? मी छाती फुगवून म्हणालो, आहेत सर, माझी वहिनी म्हणते.

सुटीत घरी गेलो तो वही घेऊनच. वहिनीला आधी खरंच वाटेना. गाणं काय लिहायची गोष्ट आहे? पण दुपारी दादा शेतात गेल्यावर ती कापसाच्या ढिगाला टेकून बसली, मांडीत शेंगांचं टोपलं घेतलं, आणि दबक्या आवाजात म्हणू लागली. गाणं सात कडव्यांचं होतं. पहिलं असं:

पऱ्हाटी फुटली वावरी, मले नाही सुटी
बोंडामागं बोंड बाई, भरत नाही वटी

पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड, वटी म्हणजे ओटी, एवढं बाहेरच्यांसाठी. पुढे पाठ उन्हानं कशी काळी होते, बोटाला बोंडाची टोकं कशी लागतात, मुकादम कसा ओरडतो, असं चढत जायचं, आणि सातवं:

गया म्हने कापसा रे, गाडीत बसून जाय
माह्या बापाच्या गावचं दार तरी पाह्य

हे सांगून झाल्यावर तिनं मला ते परत वाचायला लावलं. तिला अक्षरओळख नव्हती, तरी वहीवर बोट ठेवून विचारलं, गयाचं कडवं कोणतं? मी दाखवलं. ती म्हणाली, "हे सोडू नोको भाऊजी. बाकीचं इकडचं तिकडं झालं तरी चालते. हे नीट आलं पाह्यजे." मी हो म्हणालो. हे गाणं कुठं शिकलीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, वावरात. मी वहीत लिहिलं, 'शेतात प्रचलित'.

ही गया कोण, हे मी विचारलं नाही. का नाही विचारलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे, आणि उत्तर इतकं साधं आहे की लाज वाटते. आमच्याकडे गाण्यात कुणाचं नाव आलं की तो माणूस मेलेला असतो. भजनात 'अमुक म्हणे' येतं, गाणारा कुणी दुसराच असतो. संताचं नाव घेऊन अख्खा गाव गातो, त्यात कुणी स्वतःला संत समजत नाही. गया नावाची कोणी बाई पूर्वी कधी होऊन गेली असेल, तिनं गाणं रचलं असेल, हे मला इतकं उघड वाटलं की प्रश्न पडायला जागाच नव्हती. आणि शेवटी माहेर आलं तर त्यात नवल ते काय? बायकांच्या कोणत्या गाण्यात माहेर नसतं?

सरांना गाणं बेहद्द आवडलं. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात तेच करायचं ठरलं. सरांनी चाल उचलली, तिला वेग दिला, सलीमनं एक पत्र्याचा डबा आणि ढोलकी मिळून असा ठेका बसवला की खालच्या दुकानातली माणसं वर येऊन ऐकू लागली. वेळ सहा मिनिटांचा होता. सरांचा गिटारचा तुकडा शेवटाला हवाच होता, त्याखेरीज टाळी येणार नाही. सातही कडवी आणि गिटार बसेनात. सर म्हणाले, शेवटचं काढ, तिथे गाण्याचा वेग बसतो, लोक एकदम गप्प होतील. मी त्यांना सांगायला हवं होतं की ते सोडू नको म्हणून मला बजावलंय. सांगितलं नाही. उलट म्हणालो, हो सर, तसंही ते कुणा जुन्या बाईचं नाव आहे, आता कुणाला ठाऊक. सलीम तेवढा अडला. ढोलकी बाजूला ठेवून म्हणाला, "नाम आया है तो कोई होगी ना बे. पूछ तो ले घर में." मी म्हणालो, पूछूंगा. विचारलं नाही.

महोत्सवात आमचा पहिला नंबर आला. उदास गाणं आम्ही आनंदी करून टाकलं होतं, पोरं बाकांवर उभी राहून नाचली. पाठ काळी झाल्याच्या ओळीवर शिट्ट्या पडल्या. त्यानंतर रेडिओवर ध्वनिमुद्रण झालं, आणि एके दिवशी पत्र आलं की अमक्या दिवशी दुपारच्या कार्यक्रमात ते लागेल. मी घरी कळवलं आणि त्या दिवसासाठी स्वतःही आलो. माझा आवाज रेडिओवर येणार, हा माझा आनंद. वहिनीचा वेगळा होता, आणि तो मला नंतर कळला. तिनं आमच्या गाडीवानाच्या हाती गुपचूप माहेरी निरोप धाडला होता, बापाला म्हणा त्या दुपारी रेडिओ लाव. बाकी काही सांगू नको, पुढचं त्याला समजेल.

त्या दुपारी रेडिओ कोनाड्यातून काढून ओसरीवर ठेवला. दादा मुद्दाम शेतातून लवकर आला, दोन शेजारी आले. वहिनीनं भरीत आणि कळण्याच्या भाकरी केल्या होत्या, पण ती वाढायला उठेना. दाराच्या चौकटीला धरून उभी होती, केस विंचरलेले, पदर नीट घेतलेला, जसं काही रेडिओतून तिला कुणी बघणार होतं. निवेदिका म्हणाली, विदर्भातलं एक पारंपरिक गीत, कापूस वेचणीचं. मग सलीमचा डबा वाजला, माझा आवाज आला, माय तोंडाला पदर लावून हसली, दादानं माझ्या पाठीवर थाप मारली. मी वहिनीकडे पाहिलं तर तिचे ओठ गाण्यासोबत हलत होते. एकेक कडवं ती पुढे ढकलत होती. सहावं झालं. तिनं चौकट घट्ट धरली. आणि सरांची गिटार सुरू झाली. ती वाजत राहिली, वाजत राहिली, आणि गाणं संपलं. पुढे खतांची माहिती लागली.

शेजारी वाहवा करून गेले. वहिनी तशीच उभी. मग तिनं मला विचारलं, गयाचं कडवं कुठं गेलं? मी म्हणालो, वेळ नव्हता वहिनी, आणि ते तर कुण्या जुन्या बाईचं नाव होतं, त्याचं काय एवढं.

ती म्हणाली, "गया मीच हाय."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. आमच्याकडे लग्नात नवऱ्या मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो, साखर वाटतात, आणि त्या दिवसापासून जुनं नाव बंद. मी सात वर्षांचा होतो, मला ती साखर आठवते. तेव्हापासून घरात सगळे तिला सुमन म्हणत. तिचा बाप येत असे तेव्हाही तो तिला 'माय' म्हणायचा, वऱ्हाडातले बाप लेकीला म्हणतात तसा. मी तेरा वर्षं तिच्या हातची भाकर खाल्ली आणि तिला आईबापानं कोणतं नाव दिलं होतं हे मला ठाऊक नव्हतं. दादाला ठाऊक होतं. तो मोरीजवळ हात धूत होता. मागे न बघता तो म्हणाला, "होती गया. आता सुमन हाय." आणि जेवायला बसला. वहिनीनं वाढलं. भरीत सगळ्यांना पुरलं, आणि दादानं ते छान झालं म्हणून दुसऱ्यांदा मागून घेतलं. मीही जेवलो.

तिसऱ्या दिवशी मी बुलढाण्याला गेलो. बोथ्याच्या घाटात एस. टी. बंद पडली, दोन तास रस्त्याच्या कडेला बसून मी सरांपुढे काय बोलायचं त्याची उजळणी केली. माझी खात्री होती की सर त्या रविवारसारखे संतापतील, म्हणतील अरे मूर्खा, आधी का नाही विचारलंस. सगळं सांगून झालं. सरांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, हे बघ भास्कर, लोकगीत हे कुणा एकाचं नसतं. चार बायका गातात, चार ओळी घालतात, त्यातून ते घडतं. आज एकीचं नाव घातलंस तर उद्या चौघी दारात येतील. मी म्हणालो, पण सर, ते पाकीट, पारंपरिक... सर म्हणाले, ती गोष्ट वेगळी. कशी वेगळी ते त्यांनी सांगितलं नाही. टेबलावरून एक कागद उचलून माझ्यापुढे केला. गाण्याची कॅसेट निघणार होती, तिच्या कव्हरचा छापून आलेला नमुना होता तो. गीत पारंपरिक. संगीत आणि गिटार वझे सरांचं. आणि खाली, संकलन व गायन, माझं नाव, आडनावासकट. छापलेलं माझं नाव मी तोपर्यंत फक्त मॅट्रिकच्या निकालात पाहिलं होतं. मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. सरांनी चहा दिला, तो प्यायलो, आणि उठून आलो.

सरांना शिव्या देणं सोपं आहे आणि मी मनातल्या मनात पुष्कळ दिल्या. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ त्यांना सात समुद्रांपलीकडून दिसलं. पण त्यांनी मला धमकावलं नव्हतं, आमिष दाखवलं नव्हतं. मी म्हटलं असतं की माझं नाव काढा, तर त्यांनी कदाचित काढलंही असतं. मी म्हटलं नाही. घरी येऊन वहिनीला सांगितलं, पुढच्या वेळी छापतील तुझं नाव. ती म्हणाली, "हाव." तिला खोटं कळायचं, लहानपणी मी गूळ चोरला की ती माझ्या कानांकडे बघून ओळखायची.

त्याच उन्हाळ्यात तिचा बाप गेला. मयताला जाऊ द्यायला दादानं आढेवेढे घेतले नाहीत, उलट स्वतः बैलगाडीतून घेऊन गेला, हात जोडून उभा राहिला, रडलासुद्धा. मेलेल्या माणसावर अढी धरायची नाही एवढी रीत तो पाळायचा. सहा वर्षांनी वहिनीनं माहेरचं दार पाहिलं ते असं. तेराव्यानंतर परत आली, दोन दिवस कामाला लागली, आणि तिसऱ्या दिवशी मी पाणी मागायला गेलो तेव्हा घागरीत तांब्या बुडवता बुडवता सहज बोलावं तसं म्हणाली, "भावजय सांगे, बाबानं रेडिओ लावला होता त्या दुपारी. पुरं ऐकलं म्हने. मंग विचारत होता, हे कोनाचं गानं हाय म्हून." पाणी दिलं आणि आत गेली. त्यानंतर तिनं त्या गोष्टीचा एक शब्द काढला नाही. मला ओरडली असती, भास्कऱ्या म्हणून दोन मुस्काटात दिल्या असत्या, तर मी तिचे पाय धरले असते. पण त्या दिवसापासून मी फक्त भाऊजी झालो. शेतात ती गातच होती, बायका सांगायच्या. मी धुऱ्यावर दिसलो की गाणं थांबायचं आणि बायका मिरचीच्या रोपांबद्दल बोलायला लागायच्या.

माझं पुढे बरं झालं. त्या कॅसेटमुळे नाव झालं, नावामुळे आणखी गाणी गोळा करायचं काम मिळालं, त्यावर प्रबंध, त्यावर नोकरी. गावोगाव जाऊन बायकांची गाणी लिहून घेताना मी प्रत्येकीला पहिला प्रश्न विचारायचो, तुमचं माहेरचं नाव काय? माझे विद्यार्थी याला माझी शिस्त म्हणायचे. ब्लूज आणि रॉकवर मी जे व्याख्यान देतो ते लोकांना फार आवडतं. त्या काळ्या माणसाच्या आगगाडीपाशी आलो की माझा आवाज आपोआप भरून येतो. सलीम एकदा मागच्या रांगेत बसून ते ऐकत होता. संपल्यावर भेटला, म्हणाला, "अच्छा बोलता है यार." आणि चहालाही न थांबता गेला.

गेल्या वर्षी पुण्यातल्या पोरांच्या एका बँडनं ते गाणं पुन्हा केलं. पुतण्याच्या मुलीनं फोनवर दाखवलं. पुन्हा विजेच्या गिटारी, पुन्हा तीच सहा कडवी, खाली लिहिलेलं पारंपरिक, आणि माझे आभार. ती मुलगी म्हणजे वहिनीची नात, तिला काही ठाऊक नाही, ती त्यावर हात हलवत नाचत होती. मला झोप लागेना. मी त्या पोरांना लांबलचक पत्र लिहिलं आणि सगळं सांगून टाकलं. मनात म्हटलं, सरांनी सांगितलं होतं ना, काहींनी म्हाताऱ्यांना शोधून स्टेजवर बसवलं, लोक उभे राहिले. तसं काही होईल. खरं सांगायचं तर तिच्यासाठी म्हणून लिहिलं की माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

पोरं चांगली निघाली. दोघं जण कॅमेरा घेऊन पिंपळगावला आले. दादा जाऊन पाच वर्षं झालीत, वहिनी सत्तरीच्या पुढे, गुडघे गेलेले. ओसरीवर बसून लाल मिरच्यांची देठं खुडत होती. मुलांनी तिच्या पाया पडून विचारलं, आजी, हे गाणं तुम्ही रचलं ना? तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "यायले इचारा ना बाप्पा. नाव तं यायचंच हाय त्याच्यावर." मुलानं कॅमेरा माझ्याकडे वळवला. मी बोललो. तांदळावरचं नाव, सातवं कडवं, रेडिओची ती दुपार, तिचा बाप, कव्हरवरचं माझं नाव, काही लपवलं नाही. या वेळचा आवाज व्याख्यानातला नव्हता, एवढं तरी माझं मला कळत होतं. म्हणालो, हे गाणं हिनं केलं, हिचं नाव गया.

मुलानं हळूच तिला विचारलं, खरं का आजी?

"माह्यं नाव सुमन," ती म्हणाली. "आधार कार्ड पाहून घ्या." आणि खुडलेल्या मिरच्यांचं सूप उचलून, भिंतीचा आधार घेत आत गेली.

आतून तिच्या खोकल्याचा आवाज येत होता. मुलगा वही उघडून अवघडल्यासारखा माझ्याकडे बघत होता. मग त्यानं विचारलं, काका, नाव काय टाकू? मी म्हणालो, गया टाक. त्यानं टाकलं. पटलं म्हणून नाही, माझ्या वयाकडे बघून.